चार आकड्यांचं काम

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.१०
आजपासून रोजनिशी लिहायची. कारण फक्त तांत्रिक. वर्कशॉपच्या फाइलींमध्ये काय बदललं, कधी बदललं, याची कुठेतरी नोंद हवी. दादा अशी नोंद ठेवत नसे. सगळं डोक्यात. त्यामुळे आता अडचण.

दादाला जाऊन बावन्न दिवस झाले. मुद्दाम मोजले नाहीत, कॅलेंडर समोर आहे. माझं व्यवस्थित चालू आहे. रडणं वगैरे माझ्या स्वभावात नाही.

सकाळी वहिनी येऊन गेल्या. एकोणतीस तारखेला दादाचा साठावा वाढदिवस. त्या दिवशी वर्कशॉपच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लावायची, संध्याकाळी पाच वाजता, घरच्या आणि ओळखीच्या माणसांसमोर. पाटीचं डिझाइन नवं करायचं नाही. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाला स्मृतिपाटी कशी दिसते ते दाखवायला दादाने स्वतःच्याच नावाने एक नमुना केला होता. नाव, जन्मसाल, मधली रेघ आणि पुढे मोकळी जागा. तेव्हा खूप हसला होता. त्या मोकळ्या जागेत साल टाकायचं, एवढंच. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, चार आकडे आहेत, कराल ना? मी म्हणालो, अकरापर्यंत करतो.

११.२५
फाइल उघडली. मोकळी जागा पाहिली. आकडे टाकण्याआधी सेव्ह होतं का ते तपासणं शहाणपणाचं, म्हणून आधी नुसतं सेव्ह केलं. परमिशन डिनाइड.

कटरताईंना सांगितलं. वीस वर्षं अक्षरं कापायचं मशीन चालवतात म्हणून त्यांचं हे नाव. मान वर न करता म्हणाल्या, दादांच्या मशीनवर बसून करा की, चालूच आहे ते.

ते खरं आहे. दादाचा संगणक जूनपासून चालूच आहे. पण त्याची खुर्ची उंच आहे. माझे पाय जमिनीला टेकणार नाहीत. पाय टेकल्याशिवाय बारीक काम होत नाही.

४ ऑगस्ट, मंगळवार
शांतपणे अभ्यास केला. परिस्थिती अशी. आमच्या सगळ्या पाट्यांच्या फाइली फळीवरच्या डब्यात आहेत. डबा म्हणजे काळं यंत्र, दोन हिरवे दिवे. त्यातलं फोल्डर वायरवरून आपल्या संगणकात जोडून घ्यायचं, त्याला माउंट करणं म्हणतात. एकाच खोलीला दोन खिडक्या असाव्यात तसं. एक खिडकी दादाची, एक माझी.

प्रत्येक फाइलला मालक असतो. ११,४१२ फाइली. मालक : दादा. मी : फक्त बघू शकतो.

जूनपर्यंत मी मापांच्या फाइली स्वतः सेव्ह करत होतो. मग बंद झालं. काहीतरी अपडेट आला असणार. कंपन्या न विचारता काहीही करतात.

संकल्प : शुक्रवारपर्यंत प्रश्न मुळापासून सोडवायचा. मी संगणकाचा दोन महिन्यांचा कोर्स केलेला आहे. सर्टिफिकेट कपाटात आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार
कपाटाची किल्ली सापडली नाही.

कटरताईंचा नवा सल्ला : फाइलची कॉपी घ्या, कॉपीत आकडे टाका, मला द्या, कापते. मी नम्रपणे समजावलं. कॉपीचा मालक मी होईन. मग एक पाटी दादाची, एक माझी, आणि खरी कोणती? त्या म्हणाल्या, भिंतीवर लागेल ती खरी. शिक्षण आणि अनुभव यात हाच फरक पडतो.

तोपर्यंत धंद्याचं धोरण ठरवलं. फाइलीत बदल करता येत नाही, पण आहे तशी कापता येते. म्हणून सध्या फक्त जुन्या पाट्या, जशाच्या तशा. दारावर कागद लावला.

दुपारी वाचनालयाचे ग्रंथपाल आले. त्यांना ‘शांतता राखा’ हवी होती. ती आहे. ताबडतोब दिली. धोरण उत्तम चालतंय.

१० ऑगस्ट, सोमवार
दातांचे डॉक्टर आले. त्यांचा दवाखाना तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर गेला आहे. नवी पाटी हवी. म्हणाले, मे महिन्यातच दादांना सांगून ठेवलं होतं. मी जुनी दिली. त्यावर ‘तळमजला’ आहे. मी म्हणालो, ज्याचा दात दुखतोय तो तळमजल्यावर थांबणार आहे का? विचारत विचारत येईल वर. डॉक्टर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पाटी घेऊन गेले. पटलं असावं.

१२ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ११.४०
विजय!

फोल्डर माउंट करताना एक पर्याय लिहिता येतो : सगळ्या फाइलींचा मालक अमुक दाखव. तिथे माझं नाव लिहिलं. पुन्हा जोडलं. यादी उघडली. ११,४१२ फाइली, मालक : मी. वरपासून खालपर्यंत मीच मी.

पहिल्या पानाचं प्रिंट काढलं, लॅमिनेट केलं आणि भिंतीवर लावलं. वहिनींना फोन केला. झाले का आकडे, म्हणाल्या. मी म्हणालो, आकडे म्हणजे आता फक्त औपचारिकता.

१२.१५
परमिशन डिनाइड.

१२.५०
हा पर्याय फक्त माझ्या स्क्रीनवर मला मालक दाखवतो. डब्याला त्याचा पत्ताही नाही. डब्याच्या लेखी सगळं दादाचंच. कटरताई लॅमिनेट केलेल्या कागदाकडे बघून म्हणाल्या, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कागद काढणार नाही. यादी म्हणून ती बरोबरच आहे.

१४ ऑगस्ट, शुक्रवार
आता हयगय नाही. आज मी रूट झालो. रूट म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. डबा दुसऱ्या पद्धतीने माउंट केला आणि सर्वाधिकारी म्हणून हुकूम सोडला : नमुना पाटीचा मालक बदल.

डब्याने नकार दिला. पुस्तिका वाचली. बाहेरून कुणी सर्वाधिकारी म्हणून आला तर डबा त्याला ओळखतच नाही. अशा माणसाचं नाव तो परस्पर बदलतो. नवं नाव : नोबडी.

म्हणजे माझ्या टेबलावर मी राजा आणि चार फुटांवरच्या फळीवर मी कुणीच नाही. बुधवारी ११,४१२ फाइलींचा मालक होतो. दोन दिवसांत एवढी घसरण कुणाची झाली नसेल.

दुपारी डॉक्टरांचा फोन. त्यांच्या जुन्या जागेत आता चपलांचं दुकान आहे. पाटी वाचून लोक तिथे जातात आणि बूट घालून बघायच्या स्टुलावर तोंड उघडून बसतात. मी म्हणालो, म्हणजे पाटी लोक वाचतायत. फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

१७ ऑगस्ट, सोमवार
चपलांचे दुकानदार स्वतः आले. त्यांना पाटी हवी : ‘येथे दात पाहिले जात नाहीत’. अशी पाटी आमच्याकडे कधीच झालेली नाही, त्यामुळे धोरणात बसत नाही. तरी जवळची म्हणून ‘शांतता राखा’ सुचवली. ते म्हणाले, दात दुखणारे ओरडतात म्हणूनच तर आलोय, पण नको. कटरताई आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून बराच वेळ खोकत होत्या.

१८ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी ११
शोध लागला. या दुसऱ्या पद्धतीत डबा नाव बघतच नाही. फक्त नंबर बघतो. दादाचा नंबर १०००. माझा १००१. जो कुणी १००० नंबर घेऊन येईल तो डब्यासाठी दादा.

माझ्या संगणकावर नवीन युजर केला. नंबर १०००. आत गेलो.

११.४५
डब्याने सगळी दारं उघडली. काही विचारलं नाही. नमुना पाटी उघडली. रेघेपुढच्या मोकळ्या जागेत कर्सर नेला. तो तिथे लुकलुकत राहिला. खरंच सेव्ह होतं का बघावं म्हणून काही न लिहिता सेव्ह केलं. झालं.

आकडे टाकणारच होतो. जेवणाची वेळ झाली. रिकाम्या पोटी आकड्यांचं काम करू नये.

१२.१०
वहिनींचा फोन. डिलिव्हरीच्या याद्या त्या घरून बघतात, त्यामुळे हे फोल्डर त्यांच्या लॅपटॉपवरही दिसतं.  म्हणाल्या, भाऊजी, इथे लिहिलंय नमुना पाटी, दादा, आज ११.४२. हे आज आले होते का ऑफिसला?

मी म्हणालो, तसं नाही, नंबरचा विषय आहे. एक हजार आणि एक हजार एक.

त्या हसल्या. मग हसणं थांबलं, पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. शेवटी म्हणाल्या, आले असतील तर जेवायला पाठवा. आणि मग ठेवला.

१२.३०
१००० नंबरचा युजर काढून टाकला. ती पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नव्हती.

संकल्प : यापुढे कुणाचाही नंबर लावायचा नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार
तज्ज्ञ बोलावला. नेटवर्कची कामं करतो, बाजारात सगळे त्याला राउटर म्हणतात. खांद्यावर वायरचं वेटोळं, ते घरीही काढत नाही असं त्याची बायको सांगते. आल्या आल्या त्याने डबा उचलून उलटा केला. खाली चिकटपट्टी, त्यावर दादाच्या अक्षरात पासवर्ड. दादा सगळं वस्तूंच्या बुडाला लिहायचा. मला माहीत होतं. सांगितलं नव्हतं, कारण विचारलं नव्हतं.

राउटरने डब्याची नोंदवही उघडली. डब्यात अशी नोंदवही असते हे मला माहीत नव्हतं. बोट ठेवून म्हणाला, हे बघा. तेरा जून, सकाळी सात चाळीस. ११,४१२ फाइली. मालक सोडून सगळ्यांचं लिहिणं बंद. कुठून केलं, तर या संगणकावरून. आणि दादाच्या टेबलाकडे हात केला.

मी म्हणालो, अशक्य. दादा बारा जूनला गेला.

तो म्हणाला, तेच विचारतोय ना. सकाळी सात चाळीसला इथे कोण होतं? किल्ली कुणाकडे असते?

किल्ली माझ्याकडे असते. कटरताई मशीनच्या पात्याला तेल घालू लागल्या. सकाळीच घातलं होतं.

मी म्हणालो, डब्याचं घड्याळ चुकत असेल. राउटर म्हणाला, साहेब, तुमचं-माझं चुकेल, याचं नाही. मग म्हणाला, एक क्लिक, उघडून देऊ? मी सांगितलं, आज नको. असे निर्णय घाईत घेऊ नयेत. चहा दिला. जाताना दारात कटरताईंना हळू आवाजात काही विचारत होता. 

२१ ऑगस्ट, शुक्रवार
आठवलं. तेरा जूनला सकाळी मी दादाचा संगणक बंद करायला आलो होतो. स्क्रीनवर काहीतरी उघडं होतं. काय, ते पाहिलं नाही. बंद केलं तर त्याचं अर्धवट काम जाईल म्हणून बंद केलं नाही. फक्त कुणी हात लावू नये एवढी व्यवस्था केली. उभ्यानेच केली. दोन मिनिटांचं काम.

हे शिस्तीचं पाऊल होतं. लक्षात राहिलं नाही, कारण महत्त्वाचं नव्हतं.

कटरताई म्हणाल्या, उभ्याने लावलं ना, मग उभ्यानेच काढा. मी म्हणालो, कुलूप उभ्याने लावतात, डिझाइन उभ्याने करत नाहीत. आणि खुर्चीचं मी आधीच सांगितलं आहे.

२४ ऑगस्ट, सोमवार
आता सगळं नियमाने. घाईगर्दी, युक्त्या, नंबर बंद. फॉर्म तयार केला : ‘फाइलीत बदल करण्याच्या परवानगीसाठी अर्ज’. अर्जदार : मी. बदलाचे स्वरूप : चार आकडे. बदलाचे कारण : हा रकाना रिकामा सोडला, जागा कमी होती. मंजुरी देणार : मालक.

सही करून अर्ज दादाच्या टेबलावर, कीबोर्डशेजारी ठेवला.

मन हलकं झालं. फायली बरोबर पुढे सरकायला लागल्या की असं वाटतं.

२६ ऑगस्ट, बुधवार
अर्ज प्रलंबित.

पंखा दोनवर ठेवला आहे. अर्ज उडू नये म्हणून वर फूटपट्टी ठेवली. दादाची. स्टीलची, एका टोकाला वाकलेली. पुन्हा काढून माझी ठेवली. मग पुन्हा त्याची.

२७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ९.३०
अर्जावर शेरा आला आहे! लाल पेनने : ‘अर्जदाराने समक्ष येऊन बसावे.’

अक्षर कटरताईंचं आहे. लाल पेनही त्यांच्याच मशीनवर असतं. विचारल्यावर म्हणाल्या, मला काय माहीत, वरून आला असेल. बेकायदेशीर आहे. पण भाषा नियमाला धरून आहे, त्यामुळे एकदम फेटाळताही येत नाही.

विचाराधीन.

२८ ऑगस्ट, शुक्रवार
वहिनी आल्या. भिंतीवरचा लॅमिनेट कागद वाचला, अर्ज वाचला, शेरा वाचला. पर्स टेबलावर ठेवली. म्हणाल्या, भाऊजी, पंचवीस दिवस झाले. चार आकडे आहेत. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज नाही, मलाही यांचं कपाट उघडायला जमत नाहीये अजून. पण उद्या भिंत रिकामी नको.

मी म्हणालो, प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे.

त्या म्हणाल्या, असू दे. मी समोरून करून घेते.

समोर म्हणजे रस्त्यापलीकडचा पाटीवाला. बावीस वर्षांचा शेजार. दादा म्हणायचा, त्याची अक्षरं बोलणं टाकलेल्या जावांसारखी उभी असतात, दोघींच्या मधून हातगाडी जाईल.

 हरकत नोंदवायला हवी होती. इथे नोंदवतो.

२९ ऑगस्ट, शनिवार. दुपारी २.४०
समोरचा स्वतः पाटी घेऊन आला. कागदात गुंडाळलेली. मान खाली घालून म्हणाला, मोठा माणूस होता, माझ्या पाट्यांना नावं ठेवायचा पण माझी शिडी मोडली तेव्हा स्वतःची दिली. एक तासात केली म्हणाला. एक तासात.

दोन्ही सालं आहेत. स्वच्छ काम. मी माप घेतलं. दादाच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांमध्ये साडेतीन मिलिमीटर जास्त आहेत. रेघ लांब आहे. हे त्याच्या भिंतीवर लागणार, त्याच्या नावाने, पुढची वीस वर्षं.

कटरताई म्हणाल्या, धाकटे साहेब, मशीन गरम आहे. पाच वाजायला वेळ आहे अजून.

२.५५
दादाच्या टेबलापाशी उभा आहे. रोजनिशी हातात आहे. खुर्ची ओढली.

५.५०
क्रमाने लिहितो.

बसलो. माउस हलवला. स्क्रीन उजळली. जूनमध्ये उघडी राहिलेली फाइल तशीच होती : दातांच्या डॉक्टरांची नवी पाटी. ‘पहिला मजला’. पूर्ण झालेली. फक्त मशीनवर पाठवायची राहिली होती. ती आधी पाठवली. कटरताईंनी मशीनवर आलेलं ‘पहिला मजला’ वाचलं आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

मग नमुना उघडला. चार आकडे टाकले. अंतर त्याच्या अक्षरांना जुळवून घेतलं. सेव्ह करण्याआधी वहिनींना फोन केला, आता पुन्हा दादा असं नाव दिसेल, घाबरू नका, मी आहे. त्या म्हणाल्या, बरं.

सेव्ह झालं. वेळ ३.३१. काही विचारलं नाही.

कापायला बावीस मिनिटं लागली. पाच वाजता वहिनींनी आमची पाटी लावली. समोरच्याने जवळ जाऊन बोटाने अक्षरांमधली अंतरं पाहिली आणि नुसती मान हलवली. त्याची पाटी वहिनींनी घरी नेली, आत लावायला. म्हणाल्या, घरात त्यांना हसायला काहीतरी हवंच. कटरताईंनी लॅमिनेट कागद काढून तेलाच्या डब्याखाली घातला. मी हरकत घेतली नाही.

अर्ज निकाली काढला.

एक दुरुस्ती, नोंदीसाठी. ३ आणि २१ ऑगस्टला खुर्चीबद्दल जे लिहिलं आहे ते चुकीचं आहे. उंची कमी करायला खाली हात घातला होता. गरज पडली नाही. पाय टेकतात.